पदवीच्या वर्षात कीटकांवर ऑनर्स संशोधन करायचं, तर प्रश्न केवढा घ्यावा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: पदवीच्या शेवटच्या वर्षी ऑनर्ससाठी संशोधन करायचं आहे. कीटकांची आवड आहे, पण प्रयोगशाळेत काम केल्याचा अनुभव नाही. 'मधमाश्या का कमी होत आहेत' हा विषय मनात आहे. तो एका वर्षात होईल का? मार्गदर्शक कसा मिळवायचा? आणि वर्षाच्या शेवटी हाती काहीच निष्कर्ष आला नाही तर?

मी बरीच वर्षं कीटकशास्त्र शिकवते आहे आणि दर वर्षी दोन-तीन ऑनर्स प्रबंधांना मार्गदर्शन करते. त्या अनुभवातून सविस्तर लिहिते.

आधी विषय. हा प्रश्न एका वर्षात सुटणार नाही, आणि त्याचा तुमच्या हुशारीशी काही संबंध नाही. व्हरोआ माइट (माश्यांवर जगणारा बारीक परजीवी), विषाणू, कीटकनाशकं, फुलांची टंचाई, हवामान अशी कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. मोठे संशोधनगट वर्षानुवर्षं शेकडो पेट्या सांभाळून त्यातला एकेक धागा सोडवत असतात. शिवाय मधमाश्यांच्या प्रयोगात एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. तिथे मोजणीचं एकक बऱ्याचदा एक माशी नसतं, अख्खी वसाहत असते. एका पेटीत हजारो माश्या असल्या, तरी 'औषध दिलेली पेटी' आणि 'न दिलेली पेटी' यांची तुलना म्हणजे प्रत्येक बाजूला एकच नमुना. अशा दहा-वीस पेट्या तुमच्या ताब्यात कोण देणार?

पण मधमाशी सोडायची गरज नाही. प्रश्न कापून लहान करा. उपाशी मधमाशीच्या स्पृशेला, म्हणजे डोक्यावरच्या मिशीला, साखरेच्या पाण्याचा थेंब लावला की ती सोंड बाहेर काढते. सोंड आली की नाही आली, हे साध्या डोळ्यांनी दिसतं. अगदी पातळ पाकापासून सुरुवात करून साखरेचं प्रमाण पायरीपायरीने वाढवत नेलं की कोणती माशी किती पातळ पाकाला प्रतिसाद देते ते कळतं. परागकण आणणाऱ्या माश्या मकरंद आणणाऱ्या माश्यांपेक्षा साधारणपणे जास्त पातळ पाकालाही सोंड काढतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. आता यात एकच गोष्ट बदला. पोळ्यातला पिल्लांचा भाग माश्या 34 ते 36 अंश सेल्सिअसच्या आसपास राखतात. झाकलेल्या घरांची (म्हणजे कोष असलेल्या, मेणाने बंद केलेल्या घरांची) चौकट इन्क्युबेटरमध्ये नेहमीच्या 35 ऐवजी 32 अंशांवर ठेवली, तर त्यातून निघालेल्या माश्यांचा साखरेला मिळणारा प्रतिसाद बदलतो का? कामकरी माशी अंड्यापासून 21 दिवसांत बाहेर येते आणि त्यातले शेवटचे साधारण 12 दिवस झाकलेल्या घरात काढते. म्हणजे एक फेरी महिन्याभरात आटोपते. प्रत्येक वसाहतीतल्या चौकटी दोन्ही तापमानांना वाटून दिल्या, तर चार-पाच वसाहतींवरही नीट तुलना उभी राहते. तुमचा मूळचा जिव्हाळा तोच राहतो, आणि हा प्रश्न तुम्हाला मोजता येतो.

माझं सगळं सांगणं खरं तर इथे येऊन थांबतं: ऑनर्सचा प्रश्न कीटकाच्या आयुष्याच्या मापाने कापायचा. विद्यार्थी विषय निवडताना आवड पाहतात, गाजणारा विषय पाहतात, मार्गदर्शकाचं नाव पाहतात. कीटकाला एक पिढी पुरी करायला किती दिवस लागतात, हे फार थोडे पाहतात. शैक्षणिक वर्षातून वाचनाचे आणि हात बसण्याचे पहिले दोन महिने काढा, लिहिण्याचे शेवटचे दोन महिने काढा, परीक्षा काढा. प्रयोगाला जेमतेम वीस आठवडे उरतात. ड्रॉसोफिला ही फळमाशी 25 अंशांवर साधारण 10 दिवसांत अंड्यापासून माशी होते, 18 अंशांवर जवळजवळ दुप्पट वेळ घेते. कडधान्यातला भुंगेरा, कॅलोसोब्रुकस, उबदार तापमानात तीन-चार आठवडे घेतो. पिठातला तांबडा भुंगेरा ट्रायबोलियम 30 अंशांवर महिना-सव्वा महिना. मॅंडुका सेक्स्टा हा तंबाखूवरचा पतंग अंड्यापासून पतंगापर्यंत पाच-सहा आठवडे. वर्षातून एकच पिढी करणारं फुलपाखरू घेतलं, तर तुमच्या वाट्याला एकच संधी येते आणि ती पावसात वाहून गेली की वर्ष गेलं. मी विद्यार्थ्यांना सांगते, प्रयोग तीनदा करता येईल असाच कीटक निवडा. पहिली फेरी बिघडण्यासाठी असते. दुसरी खरी. तिसरी, दुसरीवर विश्वास बसावा म्हणून.

हा हिशोब पाहिला तर कॅलोसोब्रुकस मला नवख्या विद्यार्थ्यासाठी फार आवडतो. मादी चवळीच्या किंवा मुगाच्या दाण्यावर अंडी चिकटवते आणि ती साध्या भिंगातून मोजता येतात. अंड्यातून निघालेली अळी सरळ दाण्यात शिरते आणि मागे उरलेलं कवच भुशाने भरून पांढरं होतं, त्यामुळे कोणतं अंडं उबलं हेही बाहेरून कळतं. प्रौढ भुंगेऱ्याला खायला द्यावं लागत नाही. नर-मादी पोटाच्या टोकावरच्या पट्टीवरून ओळखता येतात, मादीच्या पट्टीला दोन्ही बाजूंना गडद डाग असतात. आणि प्रश्नांना तोटा नाही. मादी आधीच अंडं असलेला दाणा टाळते. मग मोकळे दाणे संपत आले की ती काय करते? लहान दाण्यावर वाढलेल्या मादीची निवड मोठ्या दाण्यावर वाढलेल्या मादीपेक्षा वेगळी असते का? एका डब्यात, एका टेबलावर, एका सत्रात उत्क्रांतीचा खराखुरा प्रश्न हाताळता येतो. 'साधा किडा' म्हणून याच्याकडे पाठ फिरवणारे विद्यार्थी पाहिले की मला वाईट वाटतं.

लहान प्रश्न म्हणजे हलका प्रश्न, असं वाटत असेल तर आल्फ्रेड स्टर्टेव्हंटचं उदाहरण घ्या. 1911 मध्ये तो कोलंबिया विद्यापीठात पदवीचा विद्यार्थी होता आणि जनुकशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गनच्या ड्रॉसोफिलाच्या खोलीत काम करत होता. एका संध्याकाळी तो संकरांचे आकडे घरी घेऊन गेला आणि कॉलेजचा अभ्यास बाजूला ठेवून रात्रभर बसला. दोन गुण जितक्या जास्त वेळा एकमेकांपासून सुटे होतात, तितके ते गुणसूत्रावर एकमेकांपासून दूर असले पाहिजेत, एवढाच त्याचा विचार. त्यातून जगातला पहिला जनुकीय नकाशा तयार झाला. सहा लिंगसंलग्न (म्हणजे X गुणसूत्रावरच्या) गुणांचा तो निबंध 1913 मध्ये छापून आला. त्याच खोलीत कॅल्विन ब्रिजेस हा दुसरा पदवीचा विद्यार्थी बाटल्या धुण्याच्या कामावर होता, आणि बाटलीच्या काचेतूनच त्याला शेंदरी डोळ्यांची एक वेगळी माशी दिसली.

यातली एक बाब मला महत्त्वाची वाटते. स्टर्टेव्हंटने त्या रात्री नवा प्रयोग केला नव्हता. आकडे आधीच खोलीत होते. त्याने ते वेगळ्या प्रश्नाने वाचले. आजही प्रत्येक प्रयोगशाळेत असे आकडे, व्हिडिओ, अल्कोहोलमधल्या बाटल्या पडून असतात, आणि संग्रहालयांमध्ये तारीख-ठिकाणाची लेबलं लावलेले जुने नमुने असतात. साठ वर्षांच्या नमुन्यांमध्ये एखाद्या भुंगेऱ्याच्या पंखांची लांबी बदलली का, हा पूर्ण प्रबंध होऊ शकतो. ज्यांना नोकरी सांभाळून शिकावं लागतं, ज्यांना रोज सकाळी अळ्यांना खायला घालायला येणं शक्य नाही, त्यांनी या वाटेचा जरूर विचार करावा.

आता प्रयोगाच्या आखणीबद्दल, कारण बहुतेक प्रबंध इथेच गळतात.

माझ्या एका विद्यार्थिनीने ड्रॉसोफिलाच्या अळ्यांच्या वाढीवर प्रथिनांचा परिणाम पाहिला. फार मेहनती मुलगी. जास्त प्रथिनांच्या नळ्या तिने इन्क्युबेटरच्या वरच्या फळीवर ठेवल्या, कमी प्रथिनांच्या खालच्या. सोय म्हणून. वरच्या नळ्यांतल्या माश्या दीड दिवस आधी निघाल्या आणि आम्ही दोघी खूश झालो. मग मी वरच्या फळीवर थर्मामीटर ठेवून पाहिला, तर तिथलं तापमान खालच्यापेक्षा दोन अंशांनी जास्त होतं. तिने मोजला होता तो प्रथिनांचा परिणाम की फळीचा, हे सांगण्याचा कोणताच मार्ग उरला नव्हता. ती चूक माझी होती, मी पहिल्या दिवशी फळ्या पाहायला हव्या होत्या. पुढच्या फेरीत तिने प्रत्येक नळीला क्रमांक दिला, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवल्या आणि रोज नळ्यांची अदलाबदल केली. परिणाम उरला, पण आधीच्या निम्माच.

दुसरी चूक याहून फसवी. समजा, कीटकनाशकाचा डोस दिलेल्या तीन डब्यांत प्रत्येकी वीस भुंगेरे आहेत आणि साध्या पाण्याच्या तीन डब्यांत तेवढेच. विद्यार्थी लिहितो, नमुने साठ विरुद्ध साठ. खरे नमुने तीन विरुद्ध तीन. एका डब्यातले वीस भुंगेरे एकच हवा, एकच ओलावा, एकच बुरशी वाटून घेतात. त्यांना स्वतंत्र समजता येत नाही. याला आभासी पुनरावृत्ती म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्टने 1984 मध्ये पर्यावरणशास्त्रातल्या प्रयोगांवर याच मुद्द्यावरून टीका केली, आणि अजूनही परीक्षक सगळ्यात आधी हेच विचारतात. उपाय सोपा आहे: डबे वाढवा, डब्यातले कीटक कमी करा. तीन डब्यांत वीस-वीस ठेवण्यापेक्षा बारा डब्यांत पाच-पाच.

कंट्रोलमध्येही, म्हणजे औषध न दिलेल्या गटातही, कीटक मरतात आणि मरणारच. पाण्याच्या डब्यात 10 टक्के मेले आणि औषधाच्या डब्यात 55 टक्के, तर औषधाने 55 टक्के मारले असं लिहू नका. डब्ल्यू. एस. ॲबटने 1925 मध्ये यासाठी दिलेलं सूत्र आजही वापरतात: पंचावन्नातून दहा वजा करा, उरलेल्या 45 ला 90 ने भागा, उत्तर 50 टक्के. पण कंट्रोलमध्येच तिसरा हिस्सा मरत असेल, तर सूत्र लावत बसू नका. तुमचं कीटकपालन बिघडलं आहे, आधी ते दुरुस्त करा.

जिथे डोळ्यांनी पाहून नोंद करायची असते, उदाहरणार्थ सोंड आली का, मादीने कोणता दाणा निवडला, तिथे कोणता डबा कोणत्या गटातला आहे हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. मैत्रिणीकडून डब्यांवर सांकेतिक अक्षरं लिहून घ्या. याला आंधळी मोजणी म्हणतात. आपण प्रामाणिक असतो, पण आपल्याला हवं ते दिसण्याची सवय डोळ्यांनाही असते.

संख्याशास्त्राची भीती बाळगू नका, पण ते शेवटासाठी ठेवू नका. प्रयोग सुरू करण्याआधी आकड्यांचा रिकामा तक्ता तयार करा आणि पायलटमधल्या, म्हणजे छोट्या चाचणी-फेरीतल्या, दहा-बारा नोंदी भरून तुमची चाचणी चालवून पाहा. मोजलेली संख्या, मेले-जगले अशी नोंद, आणि किती दिवस जगले ही नोंद, या तिन्हींसाठी वेगवेगळ्या पद्धती लागतात. सगळ्यांवर टी-टेस्ट, म्हणजे दोन सरासरींची तुलना करणारी चाचणी, चालत नाही. पायलटमधून आणखी एक गोष्ट कळते: एका दिवसात तुम्ही खरोखर किती डबे मोजू शकता. ती संख्या कागदावरच्या अंदाजाच्या निम्मी निघते.

कीटकपालनातल्या बारीकसारीक गोष्टी पुस्तकांत अर्ध्या ओळीत संपतात आणि प्रबंध बुडवतात. एकदा मॅंडुकाच्या अळ्या छान वाढल्या, पाचवी अवस्था संपवून एकेक दहा ग्रॅमच्या घरात गेल्या, कोषात गेल्या, आणि मग आठवडेच्या आठवडे काहीच झालं नाही. इन्क्युबेटरचा दिवा 12 तास चालू आणि 12 तास बंद असा लावलेला होता. लहान दिवस म्हणजे थंडी येणार, असा अर्थ अळ्यांनी घेतला आणि कोष सुप्तावस्थेत गेले. प्रौढ पतंगांवरचा प्रयोग होता, पतंगच निघाले नाहीत. दिवा 16 तास ठेवला असता तर हे टळलं असतं. म्हणून कीटक आणण्याआधी त्याची सुप्तावस्था कशाने सुरू होते हे वाचा. ड्रॉसोफिलाच्या नळ्यांत माइट शिरले तर शेजारच्या सगळ्यांचं काम धोक्यात येतं, तेव्हा ते लपवू नका, त्याच दिवशी सांगा. पतंगांचे खवले नाकात जाऊन काहींना ॲलर्जी होते. मास्क पहिल्या दिवसापासून लावा, शिंका सुरू झाल्यावर नव्हे.

बाहेर जाऊन नमुने गोळा करायचे असतील, तर सापळा लावणं सोपं आणि नमुने निवडणं अवघड, हे आधी लक्षात घ्या. मॅलेज सापळा तंबूसारखा उभा राहतो आणि आठवड्यात बाटली भरून देतो. ती एक बाटली गटवार लावायला नवख्याला कितीतरी दिवस लागतात. वीस बाटल्या भरून आणणारे आणि तीनच उघडू शकलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. जगात सुमारे 10 लाख कीटक प्रजातींना नावं मिळालेली आहेत. प्रजातीपर्यंत ओळख पटवणं हे आयुष्यभराचं कौशल्य आहे, म्हणून एक कुळ निवडा, त्याची ओळख पटवून देऊ शकेल असा जाणकार आधी गाठा, मगच सापळा लावा. डीएनए बारकोडिंगची, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्यावरून प्रजाती ओळखण्याची, मदत होते, त्यात सीओआय जनुकाचा सुमारे 658 अक्षरांचा तुकडा वाचतात, पण त्यासाठी नमुने पहिल्यापासून 95 टक्क्यांच्या किंवा त्याहून तीव्र अल्कोहोलमध्ये हवेत. बाह्यरचना पाहायची असेल तर 70 ते 80 टक्के बरं, कारण तीव्र अल्कोहोलमध्ये अवयव ताठ होऊन तुटतात. प्रत्येक नमुन्यावर ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव हवंच. लेबल नसलेला नमुना शास्त्राच्या दृष्टीने मेलेला किडा आहे, एवढंच. काही नमुने कायमचे संग्रहात जमा करा, म्हणजे उद्या कुणाला तुमची ओळख तपासून पाहता येईल. संरक्षित क्षेत्रात किंवा संरक्षित प्रजातींवर काम करायचं असेल तर परवानगी लागते आणि ती मिळायला महिने जातात. अर्ज पहिल्या आठवड्यात करा.

मार्गदर्शकाबद्दल थोडक्यात. शक्य असेल तर एक वर्ष आधी शोधा. 'मला कीटकांची आवड आहे, मला घ्याल का' अशा पत्राला बहुधा उत्तर येत नाही. त्यांच्या गटाचे अलीकडचे दोन शोधनिबंध वाचा, त्यातलं काय कळलं नाही ते विचारा, आठवड्याला किती तास देऊ शकता ते खरं लिहा. भेटल्यावर तीन गोष्टी विचारायला संकोचू नका: रोजच्या कामात शंका आली तर कोणाला विचारायचं, आधीच्या ऑनर्स विद्यार्थ्यांनी काय केलं, आणि काम छापलं गेलं तर लेखकांत नाव कोणत्या अटीवर येतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुमचे बरेचसे तास प्राध्यापकांबरोबर जाणार नाहीत, त्यांच्याकडच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याबरोबर जातील. तो माणूस शांतपणे शिकवणारा असेल तर वर्ष छान जातं. विषय थोडा कमी आवडीचा आणि शिकवणारा चांगला, असा पर्याय असेल तर तो घ्या.

शेवटचा प्रश्न, काहीच निष्कर्ष आला नाही तर. 'फरक दिसला नाही' आणि 'फरक असता तरी दिसला नसता' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 32 अंशांवर वाढलेल्या माश्यांनी 35 अंशांवरच्या माश्यांइतकाच प्रतिसाद दिला, तुमच्याकडे पुरेशा वसाहती होत्या, मोजणी आंधळी होती, तर तो निष्कर्षच आहे. किती मोठा फरक असता तर तुमच्या प्रयोगाला तो नक्की सापडला असता, हे आकड्यात लिहा. परीक्षक त्याला मान देतात. दोनच वसाहती होत्या आणि निम्म्या माश्या चाचणीआधीच मेल्या, तर मात्र काहीच सांगता येत नाही, आणि तसंच स्पष्ट लिहावं लागतं. मी परीक्षक म्हणून असे प्रबंध चांगल्या गुणांनी पास केले आहेत, कारण विद्यार्थ्याने माश्या का मेल्या याचा शोध घेतला होता आणि पुढच्याने काय बदलावं हे नेमकं लिहिलं होतं. आकडे हवे तसे दिसावेत म्हणून दोन 'विचित्र' डबे गाळलेला प्रबंध मात्र मी एकदा परत पाठवला आहे. डबा गाळण्याचं कारण प्रयोगाआधी ठरवलेलं असेल तरच गाळा, आणि गाळला हे लिहा.

त्यासाठी वही रोज लिहा. तारीख, तापमान, किती मेले, दिवा बंद पडला होता का, खाद्य कोणत्या दिवशी बनवलं. कच्च्या नोंदींचा फोटो त्याच संध्याकाळी काढून दुसरीकडे साठवा. पद्धतींचं प्रकरण पहिल्या फेरीतच लिहायला घ्या, कारण पाक किती मिलिलिटर होता आणि माशीला किती तास उपाशी ठेवलं होतं, हे सहा महिन्यांनी आठवत नाही. माझ्या त्या प्रथिनांवर काम करणाऱ्या विद्यार्थिनीच्या वहीत पहिल्या फेरीच्या पानावर 'वरची फळी' असं दोन शब्दांत लिहिलेलं होतं. ते दोन शब्द नसते, तर थर्मामीटर कुठे ठेवून पाहायचा हे मला सुचलंही नसतं.